पुण्यात रोज पोर्शे ९११ चालवायची असेल तर आधी पाइप कापून आणा

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "ॲव्हरेज किती देते?", सिग्नलला शेजारी थांबलेला ॲक्टिव्हावाला पण विचारतो आणि साखरपुड्यात भेटलेले काका पण. उत्तर आत्ताच देऊन टाकतो म्हणजे तो विषय मिटला. शहरात सहा-साडेसहा, एक्सप्रेसवेवर शंभरला क्रूझ लावून गेलं तर अकरा-बारा. दुसरा प्रश्न असतो "आपल्या रस्त्यांवर चालते का हो ही?" आणि त्याला मात्र एका वाक्यात उत्तर नाही, म्हणून हे एवढं लिहितोय.

गाडी पोर्शे ९११ कॅरेरा, सेकंड हँड घेतलेली, ९९१.२ म्हणतात ती जनरेशन, म्हणजे २०१५ च्या शेवटी टर्बो इंजिन घेऊन आली ती. तीन लिटर, दोन टर्बो, मागच्या चाकांच्याही मागे बसवलेलं सहा सिलिंडरचं इंजिन, ३७० पीएस ताकद, ४५० एनएम टॉर्क, आणि पीडीके, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. रोज बाणेर ते हिंजवडी आणि परत, महिन्यातून एकदोनदा मुंबई, आणि तीन पावसाळे झालेत. मुळात ९११ चालवायला अवघड नाहीच, काचा मोठ्या, स्टिअरिंग हलकं, बेस मॉडेलची रुंदी १८०८ मिमी म्हणजे ट्रॅफिकमध्ये घाबरायला होत नाही. गाडी मला आठवड्यात समजली. रस्ता समजायला सहा महिने गेले, आणि ते उलटं करायला हवं होतं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

गाडी बघायला जायच्या आधी: पाइप

हार्डवेअरच्या दुकानातून एक पीव्हीसीचा सरळ पाइप आणा आणि २४५ सेमीला कापा. ९११ चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, तेवढा आहे. दोन्ही टोकांना ११ सेमी उंचीचे लाकडी ठोकळे चिकटपट्टीने बांधा, कारण माझ्या गाडीच्या पोटाखाली मी मोजलं तेव्हा साधारण तेवढंच भरलं. तुम्ही जी गाडी घेणार तिचे आकडे वेगळे असतील तर त्याप्रमाणे करा. आता रविवारी सकाळी सहाला एका मित्राला स्कूटरवर मागे बसवून, पाइप त्याच्या हातात उभा देऊन, आपल्या रोजच्या रस्त्याने निघायचं आणि प्रत्येक स्पीडब्रेकरवर पाइप आडवा ठेवून बघायचं. ठोकळे दोन बाजूंना रस्त्यावर, ब्रेकर मधोमध. पाइप ब्रेकरला टेकला म्हणजे तुमची गाडी घासणार, यात चर्चेला जागा नाही. लोक बघतात, एका चहावाल्याने आम्हाला महापालिकेची माणसं समजून ड्रेनेजची तक्रार पण सांगितली, पण हा एक तास पुढे लाखभर वाचवतो.

यातलं गणित असं आहे की इंडियन रोड्स काँग्रेसने (रस्त्यांची मापं ठरवणारी संस्था) सांगितलेला गोल स्पीडब्रेकर १० सेमी उंच पण ३.७ मीटर रुंद असतो, ताशी २५ ने ओलांडायसाठी. तो इतका पसरट असतो की चारही चाकं त्याच्यावर चढतात आणि पोटाखाली साडेचार सेमीच वर येतो, म्हणजे आरामात निघतं. आपल्याकडे गल्लीतल्या लोकांनी रातोरात डांबर ओतून केलेला जो असतो, एक-दीड फूट रुंद आणि तेवढाच दहा-बारा सेमी उंच, तो जसाच्या तसा पोटाखाली येतो, आणि गाडीत दोन माणसं बसली की उरलेला एक सेमी पण जातो. म्हणजे उंचीपेक्षा रुंदी बघा, अरुंद असेल तोच मारतो. माझ्या रस्त्यावर एका बाजूने २३ निघाले, त्यातले चार असले. त्यातले दोन चुकवायला मी आता पुढच्या चौकातून वळून येतो, तीन मिनिटं जास्त लागतात, लागू देत.

मग सोसायटीचा बेसमेंट. फोनमध्ये लेव्हलचं ॲप असतं, फोन एका फळीवर ठेवून रॅम्पचा उतार मोजा आणि वरच्या सपाट जागेचा पण मोजा, दोघांतला फरक महत्त्वाचा. वरच्या पाइपाच्या मापांवरून हिशेब केला तर साधारण १० अंशांच्या फरकाला पोट टेकतं, पण काठ गोल केलेला असेल तर सुटतं. आठच्या आत असेल तर निवांत. रॅम्प खाली जिथे संपतो तिथे नाक घासतं, ते वेगळं बघायचं. रॅम्पच्या तोंडाशी पाणी अडवायला जी लोखंडी जाळी किंवा सिमेंटची पट्टी असते ती बहुतेक लोक मोजायला विसरतात, मी पण विसरलो होतो.

९९१.२ पासून कॅरेराला पुढचा ॲक्सल उचलणारी लिफ्ट ऑप्शन म्हणून आली. बटण दाबलं की पाचेक सेकंदांत नाक ४ सेमी वर. शोधताना लिफ्टवाली गाडी मिळाली तर दोन पैसे जास्त द्या, सनरूफ नसली तरी चालेल, म्युझिक सिस्टिम साधी असली तरी चालेल. पण एक लक्षात ठेवा, नाक ४ सेमी उचललं तर पोटाच्या मध्यावर त्यातलं निम्मंच मिळतं.

विकत घेताना

हे थोडक्यात, कारण सेकंड हँड गाडी बघण्याचं बाकी शास्त्र सगळ्या गाड्यांना सारखंच. गाडी गॅरेजच्या लिफ्टवर घ्यायला लावा आणि खालून बघा, पोटाखालच्या प्लास्टिकच्या शीटवर ओरखडे असणारच, ते चालतात, तुटलेले क्लिप आणि दोऱ्याने बांधलेलं शीट चालत नाही. पुढच्या बंपरच्या दोन्ही तोंडांमध्ये टॉर्च मारा, आत रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर आहेत आणि तिथे सुकी पानं, चिप्सची पाकिटं, काय वाट्टेल ते जाऊन बसतं, ओल्या पानांनी ते कुजतात आणि मग एसीचा गॅस जातो. टायरच्या बाजूला डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, पहिले दोन म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. ट्रेड, म्हणजे टायरवरच्या खाचा, भरपूर दिसतोय आणि टायर सात वर्षांचे आहेत हे या गाड्यांत फार असतं कारण त्या बिचाऱ्या उभ्याच असतात. माझा कल उलट कमी किलोमीटरच्या गाडीपेक्षा नियमित चाललेल्या गाडीकडे आहे.

दिल्लीची गाडी स्वस्त दिसते, पण एनओसी, महाराष्ट्रात परत रोड टॅक्स, मग पुन्हा पासिंग, हे सगळं मिळवा आणि मगच तुलना करा. या किमतीच्या गाडीवर टॅक्सचा आकडा बघून घाम फुटतो.

स्पीडब्रेकर कसा घ्यायचा

सगळे सांगतात तिरका घ्या. बरोबर आहे, एक एक चाक चढतं म्हणून नाक आणि पोट दोन्ही वाचतं, पण मागून रिक्षा घुसणार नसेल तरच. खरी चूक वेगळीच होते. आपण ब्रेकरपर्यंत ब्रेक दाबत येतो आणि ब्रेक दाबलेला असतानाच पुढची चाकं चढवतो, तेव्हा गाडीचं नाक आधीच दोनेक सेमी खाली झुकलेलं असतं. म्हणून चाक टेकायच्या एक हात आधी ब्रेक पूर्ण सोडा, नाक वर येऊ दे, आणि मग चालण्याच्या वेगाने नुसतं लोळत जाऊ द्या. पुढची चाकं उतरली की ॲक्सिलरेटर द्यायचा मोह होतो, देऊ नका, मागची चाकं अजून चढायची आहेत आणि मागे इंजिन आहे. बायकोने हे माझ्यापेक्षा लवकर आत्मसात केलं, ती म्हणते पोळी उलटताना हात जसा सोडतो तसा पाय सोडायचा. तरीही कधीतरी नाकाखालची काळी प्लास्टिकची पट्टी खर्रकन् घासेल. ती घासायसाठीच आहे, बदलता येते, रडू नका.

ट्रॅफिकमध्ये पीडीके ऑटोमॅटिक असली तरी आत दोन क्लच आहेत हे विसरायचं नाही. इंच इंच सरकत राहण्यापेक्षा एक गाडीची जागा पडू द्या आणि मग ब्रेक पूर्ण सोडून एकदाच पुढे जा. जागा दिसली की कोणीतरी घुसतं, घुसू दे, हिंजवडीत त्याने पण काही मिनिटं वाचत नाहीत. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नका, चांदणी चौकाच्या चढावर असे धरून उभे राहणारे रोज दिसतात आणि मला त्यांच्या क्लचची दया येते.

सकाळी स्टार्ट केली की उभी करून गरम करायची गरज नाही, लगेच निघा, पण ऑइलचं टेम्परेचर ८० च्या वर जाईपर्यंत चार हजार आरपीएमच्या पुढे जाऊ नका. पाणी पाच मिनिटांत गरम होतं, ऑइलला पंधरा लागतात, म्हणून काटा ऑइलचा बघायचा. माझा ऑफिसचा रस्ता एवढा छोटा आहे की ऑइल जेमतेम गरम होतं तोवर पोचतो, आणि असं रोज केलं की ऑइलमध्ये पेट्रोल आणि ओल राहून जाते. त्यावर उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा चाळीस-पन्नास किलोमीटरची फेरी, मी लोणावळ्याच्या दिशेने जाऊन येतो, आणि घरी तो मेंटेनन्स आहे असं सांगतो. खोटं पण नाही ते. ऑइल बदलायचं वर्षातून एकदा, किलोमीटर कितीही कमी झालेले असोत. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी. ऑइल तपासायला डिपस्टिक नाही, स्क्रीनवर बघायचं, गाडी गरम आणि सपाट जागी असताना, रॅम्पवर बघून घाबरून एक लिटर ओतणारे महाभाग असतात.

टायर, म्हणजे खरा खर्च

पेट्रोलचं रडगाणं सगळे गातात, पण रोज वापरायच्या स्पोर्ट्स कारमध्ये पैसे टायर खातात. १९ इंची चाकांवर मागे २९५/३५ आणि पुढे २३५/४०, म्हणजे पुढचे मागे लावून रोटेशन वगैरे काही होत नाही. मागच्यांवर इंजिनाचं वजन आणि ताकद दोन्ही, ते माझे अठरा हजार किलोमीटरमध्ये गेले, पुढचे अजून आहेत. घेताना बाजूला एन अक्षर आणि आकडा असलेले घ्या, एन ० किंवा एन १ वगैरे, तो पोर्शेने पास केल्याचा शिक्का, त्याच कंपनीचं तेच मॉडेल बिनशिक्क्याचं पण मिळतं आणि ते वेगळं असतं. चारही एकाच जातीचे ठेवा.

पहिल्या पावसाळ्यात एका खड्ड्यात पुढचं डावं चाक गेलं, आवाज असा आला की मला वाटलं सस्पेन्शन गेलं, उतरून बघितलं तर रिम ठीक, हवा ठीक, काहीच नाही. दुसऱ्या दिवशी गाडी पुसताना हाताला लागलं, टायरच्या भिंतीला लिंबाएवढा फुगा. फुगा म्हणजे आतले दोरे तुटलेत, तो टायर संपला, पंक्चरवाला "चालेल साहेब" म्हणाला तरी संपला. नवीन टायर ज्या दुकानात सांगितला त्यांनी "चार दिवसांत" म्हणून पाच आठवडे लावले, तोपर्यंत गाडी उभी आणि मी रिक्षाने. तेव्हापासून एक पुढचा आणि एक मागचा टायर मी घरी घेऊन ठेवतो, गॅलरीत, कापडात गुंडाळून. बायको त्यावर कुंडी ठेवते.

स्टेपनी या गाडीत नाहीच, सीलंटची बाटली आणि छोटा कॉम्प्रेसर असतो. खिळ्याचं पंक्चर ट्रेडमध्ये असेल तर पट्टी किंवा मशरूम मारून चालतं, बाजूच्या भिंतीत असेल तर नाही. सीलंट हा शेवटचा उपाय, आतला सगळा चिकटा काढताना पंक्चरवाला तुमच्या नावाने बोटं मोडतो. हवा दर पंधरा दिवसांनी, सकाळी टायर थंड असताना, दाराच्या आतल्या स्टिकरवरचे आकडे बघून, कारण पंपावरचा पोरगा विचारल्याशिवाय चारही चाकांत सारखीच भरतो आणि ९११ ला मागे जास्त लागते.

पेट्रोल

मॅन्युअल सांगतं ९८ ऑक्टेन, कमीत कमी ९५ चालेल, तेव्हा इंजिन स्वतःच ठिणगीचं टायमिंग मागे घेतं आणि ताकद थोडी कमी होते. इथेनॉलसाठी या जनरेशनला मर्यादा १० टक्के आहे, आणि आता पंपावर २० टक्क्यांचं सर्रास झालंय, तर पेट्रोलच्या झाकणाच्या आत काय लिहिलंय ते वाचा आणि कोणत्या पंपावरच्या कोणत्या पेट्रोलमध्ये किती आहे ते मॅनेजरला विचारा, पोराला नाही. शंभर ऑक्टेनचं इंडियन ऑइलचं एक्सपी १०० हे २०२० च्या डिसेंबरात आलं, सगळीकडे मिळत नाही, लिटरला भरपूर जास्त पडतं. टाकी ६४ लिटरची, मी अर्धी झाली की ओळखीच्या पंपावर भरतो म्हणजे भलत्या ठिकाणी भरायची वेळ येत नाही.

पावसाळा

जूनच्या आधीचा रविवार यासाठी राखून ठेवा. पुढचं बॉनेट, म्हणजे या गाडीची डिकी, उघडा आणि काचेच्या खालच्या काळ्या जाळीतली पानं हाताने काढा. तिथून पाणी जायच्या वाटा आहेत, त्या तुंबल्या की पाणी आत उतरतं आणि आत बॅटरी आणि वायरिंग आहे. आमच्याकडे पार्किंगवर गुलमोहर आहे, त्याची ती बारीक पानं खास याच कामासाठी बनवलीत की काय असं वाटतं. बंपरची तोंडं पण तेव्हाच साफ करा, व्हॅक्यूमने, प्रेशरच्या पाण्याने नको, रेडिएटरच्या बारीक पट्ट्या वाकतात.

रुंद टायर पाण्यावर तरंगायला उतावीळ असतात, आणि ९११ चं साठ टक्क्यांहून जास्त वजन मागे, म्हणजे नाक हलकं. एक्सप्रेसवेवर पाण्याचा पट्टा आला की आधी स्टिअरिंग हातात मऊ पडतं, तीच खूण, तेव्हा ब्रेक नाही, वळवणं नाही, नुसता पाय उचला. २०१९ च्या पुढच्या ९९२ या जनरेशनमध्ये चाकाच्या खाचेतल्या सेन्सरने पाण्याचा आवाज ऐकून ओल्या रस्त्यासाठीचा वेट मोड सुचवायची सोय आहे, माझ्यात नाही, माझे कान आहेत. कायदा १.६ मिमी ट्रेडला परवानगी देतो, मी ३ मिमीला बदलतो.

साचलेल्या पाण्यात आधी बाकीच्या गाड्यांची चाकं बघा, किती बुडतायत ते. दाराच्या खालच्या कडेपर्यंत येईल असं वाटलं तर वळा, कोणी हसलं तर हसू दे. गाडी पाण्यात बंद पडली तर परत स्टार्ट मारायचा नाही, इंजिनात पाणी गेलेलं असेल तर त्या एका सेल्फमध्ये कनेक्टिंग रॉड वाकतो. इन्शुरन्सला इंजिन प्रोटेक्शन आणि टायर कव्हर दोन्ही घ्या, झिरो डेप, म्हणजे क्लेममध्ये घसारा न कापणारं कव्हर, तर हवाच.

उभी असताना

बॅटरी. चार-पाच दिवस गावाला गेलात तर काही नाही, तीन आठवडे गेलात तर परत येऊन चावी दाबाल आणि काहीच होणार नाही. गंमत अशी की बॅटरी पुढच्या डिकीत आहे आणि डिकी बॅटरीवर उघडते. घाम पुसा. चावीतून छोटं पातं निघतं, त्याने ड्रायव्हरचं दार उघडा. पुढे पायाशी फ्यूज बॉक्स आहे, त्यातून लाल टर्मिनल बाहेर ओढता येतं, दुसऱ्या बॅटरीची प्लस तिथे, मायनस दाराच्या लोखंडी कडीला, मग डिकीचं बटण. अलार्म बोंबलेल, वॉचमन पळत येईल. ही जोडणी फक्त झाकण उघडायसाठी, गाडी स्टार्ट करायला नाही, ते झाकण उघडल्यावर खऱ्या बॅटरीवर. मी हे रात्री साडेअकराला मोबाईलच्या उजेडात केलंय, तुम्ही एकदा दिवसा करून बघा. आणि पार्किंगला प्लग पॉइंट असेल तर ट्रिकल चार्जर, म्हणजे बॅटरी हळूहळू भरत ठेवणारा, घ्या.

डिकी बंद करताना आपटायची नाही आणि बोटांनी दाबायची नाही, झाकण ॲल्युमिनियमचं आहे, खळगा पडतो. अलगद खाली आणून लॅचच्या वर तळहात सपाट ठेवून एकदा दाबायचं. आत १४५ लिटर जागा आहे, आठवड्याची भाजी बसते. आंब्याची पेटी मात्र मागच्या सीटवर, तिथे तसंही मोठं माणूस बसत नाही.

सोसायटीत गाड्या पुसणारा मुलगा एकाच बादलीतल्या एकाच फडक्याने वीस गाड्या पुसतो, आणि विसावी तुमची. उन्हात बघितलं की रंगावर कोळ्याचं जाळं दिसतं. त्याला "हात लावू नको" म्हणालात तर त्याचे पैसे बुडाल्यासारखं होतं, म्हणून मी पैसे देतो आणि सांगतो माझी फक्त चाकं धू. बाकी मी रविवारी.

आईला गुडघ्यांचा त्रास आहे, तिला यात बसवायचं म्हणजे सीट पूर्ण वर आणि मागे, आधी तिने पाठमोरं टेकायचं, मग दोन्ही पाय एकदम आत. उतरताना पायरीला लावून उभी करायची नाही, सपाट जागा हवी, नाहीतर दार फुटपाथवर अडकतं आणि तिला अर्ध्यातून उठायचं असतं. आता तीच सांगते कुठे थांबव म्हणून.

ब्रेकडाउनला फ्लॅटबेडवालाच, चाक उचलून ओढणारा नको, आणि टोइंगचा हुक टूलकिटमध्ये कुठे आहे, बंपरवर कुठे बसतो, हे आधी बघून ठेवा, कारण तो गाडीला साखळी कुठे बांधेल सांगता येत नाही.

आणि पाइप टाकून देऊ नका. रस्ते बदलत राहतात, गणपतीच्या मांडवाचे खड्डे नंतर डांबराने उंच भरतात, कुठे केबल टाकून मधोमध वरंबा ठेवतात. ९९२ ला लिफ्ट लावायच्या जागा लक्षात ठेवणारी सिस्टिम ऑप्शनमध्ये मिळते, माझ्याकडे त्यासाठी वही आहे. परवाच शाळेच्या कोपऱ्यावर एक नवीन स्पीडब्रेकर झालाय, बारीक आणि टोकदार, पांढरे पट्टे पण नाहीत अजून. येत्या रविवारी मी आणि मित्र स्कूटरवर जाऊन येणार आहोत.